भीमेच्या पाण्यावर एक दिवस

माढ्यास कोणी पाहुणा आला म्हणजे त्याला काय दाखवावें, हा आमच्या घरांतला फार जुना प्रश्न आहे. माढेश्वरीचें देऊळ दाखवावें, रावरंभा निंबाळकरांच्या नांवाशीं निगडित असलेल्या गढीचे बुरूज दाखवावे, आणि स्टेशनाच्या रस्त्यानें एक फेरी मारून परत यावें; एवढ्यांत संध्याकाळसुद्धां होत नाहीं. ज्यास अधिक हौस असेल त्यास कुर्डुवाडीस नेऊन, १८९७ सालीं तेथून बार्शीकडे धांवूं लागलेल्या अरुंद रुळांच्या गाडीची हकीकत सांगावी. ती गाडीही आतां राहिली नाहीं. तिच्या जागीं रुंद रूळ आले. सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला हा आमचा मुलूख, आणि पावसानें त्याच्यापुरता हात नेहमींच आंखडता घेतलेला. माझ्या लहानपणीं, 'पाहुण्यांना नावेंत बसवून दिवसभर पाण्यावर हिंडवूं' असें कोणी म्हटलें असतें, तर वडिलांनीं त्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाहीं ना, हें पाहिलें असतें.

गेल्या चैत्रांत घरीं मुंज निघाली. तीस माझा पुतण्या अमेरिकेहून आला. तो तिकडे ऑरिगॉन प्रांतांत बारा वर्षें आहे. मुंजीची गडबड ओसरल्यावर एके रात्रीं आम्ही सारे अंगणांत बसलों असतां त्यानें तिकडच्या एका सहलीचें वर्णन सुरू केलें. तिकडे डोंगरांतून वेगानें वाहणाऱ्या नद्या आहेत, आणि कांहींच्या कांठीं कोसच्या कोस मनुष्यवस्ती नाहीं. १९६८ सालीं कायदा करून अशा कित्येक नद्या मुद्दाम रानटी स्थितींत राखल्या आहेत. तेथला वाटाड्या सपाट तळाची, दोन्ही टोकें वर उचललेली नाव घेऊन येतो. मॅकेंझी नांवाच्या नदीवर ती घडत गेली, म्हणून तिला त्याच नदीचें नांव. वाटाड्या प्रवाहाच्या दिशेस तोंड करून बसतो आणि वल्हीं मात्र उलटीं मारतो. नाव पुढें नेण्याचें काम नदी करते. तिला आवरण्याचें काम तो करतो. पाहुणे पुढें-मागें बसून लवचिक काठीनें, पिसांची खोटी माशी बांधलेला गळ पाण्यावर फेंकतात. रात्रीं वाळूवर राहुटी, सकाळीं पुन्हां नाव. असे तीन-चार दिवस जातात.

हें सारें ज्या माशांसाठीं, ते ट्राउट आणि सामन. त्यांतल्या सामनाची कथा पुतण्या सांगूं लागला तेव्हां गव्हल्या करीत बसलेल्या बायकांचेही हात थांबले. हा मासा डोंगरांतल्या गोड्या पाण्याच्या ओढ्यांत जन्मतो, लहानपणींच समुद्रास जातो, तेथें कांहीं वर्षें काढून पुष्ट होतो, आणि मग पाण्याच्या वासाची खूण धरून नेमका आपल्या जन्माच्या ओढ्याकडे उलट्या धारेनें चढूं लागतो. नदींत शिरल्यावर तो अन्न घेत नाहीं. तेथें अंडीं घातलीं कीं पॅसिफिक महासागराकडच्या या माशांचा बहुतेक सारा थवा मरून जातो.

"माहेरीं येऊन डोळे मिटायचे," माझी आई म्हणाली. तिचें वय नव्वदीच्या पुढें आहे. ऐकूं कमी येतें, पण हवें तें ऐकूं येतें. "आणि तुम्ही त्याला वाटेंत गांठतां होय?"

"आजी, आम्ही बहुतेक वेळां धरून लगेच सोडून देतों. त्याला इजा होऊं नये म्हणून गळाला कांटाही उलटा ठेवीत नाहींत."

"अरे, सोडायचाच तर धरायचा कशाला?"

पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. तीन पिढ्यांत ज्या घरीं कोणी मासा शिवला नाहीं त्या घरांतल्या मुलाला हा छंद कसा लागला, याचें मला नवल वाटत होतें. पण तो लागला होता खरा. विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, "काका, आपल्याकडे असें कांहींच नाहीं ना?" आणि मी, केवळ गांवाच्या अभिमानानें, बोलून गेलों, "नाहीं कसें? आपल्या तालुक्यांत उजनी आहे."

आतां उजनीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण वर्तमानपत्रांत रोज नांव वाचूनही पुष्कळांना तिचा हिशेब कळत नाहीं. भीमाशंकराशीं उगम पावलेली भीमा आमच्या तालुक्यांत उजनी गांवापाशीं अडविली आहे. तें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्यामागच्या जलाशयास यशवंतसागर म्हणतात. भरला म्हणजे त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. पण त्यांतलें सुमारें ६३ अब्ज घनफूट इतकें खोल आहे कीं तें मृतसाठा म्हणून धरतात. वापरावयाचें पाणी राहिलें तें ५३-५४ अब्ज घनफूट. टक्केवारी मोजतात ती या वरच्या पाण्याची. म्हणून उन्हाळ्यांत 'उजनी उणे वीस टक्के', 'उणे तीस टक्के' अशा चमत्कारिक बातम्या येतात. २०२४ च्या उन्हाळ्यांत ती उणे साठाच्या घरांत गेली होती. आमच्या मातोश्रींना 'उणे पाणी' म्हणजे काय हें समजावतांना मी हात टेकले. शेवटीं 'कोठीतले दाणे संपले, आतां बियाण्याच्या मडक्याला हात घातला' असें सांगितलें, तें त्यांना एका क्षणांत पटलें.

या पाण्यावर, वर भिगवणच्या अंगास, हिवाळ्यांत रोहित पक्षी पाहावयास पुण्यामुंबईची मंडळी येतात, आणि तेथले मासेमार नावेंतून त्यांना हिंडवितात. सकाळीं जाळें, दिवसा पाहुणे, असा त्यांचा दुहेरी धंदा झाला आहे. आमच्या बाजूस तसा बोलबाला नाहीं. परंतु एका शिक्षक मित्राच्या ओळखीनें पलीकडच्या करमाळा तालुक्यांतला एक परवानेधारी मासेमार मिळाला. तो म्हणाला, "पहाटं या. दुपारच्याला मी पान्यावर ऱ्हात न्हाई."

निघतांना पुतण्यानें काकूकडे कणकेचा गोळा मागितला. पंढरपुरास घाटावर माशांना घालतात तशी घालावयाची असेल, अशा समजुतीनें तिनें मोठा गोळा मळून, वर तेलाचा हात फिरवून, पानांत बांधून दिला. मीं तो समज मोडला नाहीं. हा माझा त्या दिवसाचा पहिला अप्रामाणिकपणा.

वाटेंत मोटारींत मीं पुतण्याला आमच्या बाजूची वकिली ऐकविली. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. १९०० च्या सुमारास विलायतेहून त्याची अंडीं काश्मिरांत आणून रुजविलीं, आणि पुढें थोड्याच वर्षांत निलगिरीच्या डोंगरांतही तो टिकला. भीमेच्या कोमट पाण्यांत तो एक दिवस जगणार नाहीं. पण गळाचा खेळ कांहीं साहेबानें आम्हांस शिकविला नाहीं. सोलापूरच्या पूर्वेस कल्याणी आहे, हल्लींचें बसवकल्याण. तेथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांत बायका कांडतांना ओवी म्हणतात असा उल्लेख ज्यांत आहे, तोच हा ग्रंथ. त्यामुळें मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. त्यांत राजाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. काठी कशी असावी, दोरी कशाची, गळ कसा, कोणत्या माशाला कोणतें खाद्य घालून आधीं लोभवावें, याची त्यांत रीतसर चर्चा आहे. डॉक्टर सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानें १९५१ सालीं त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. राजे लोक अशा विषयावर संस्कृतांत लिहीत असत, हें ऐकून पुतण्याला धीर आला. "आजीला हें सांगावें काय?" त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "सांगूं नकोस. राजे आणखीही पुष्कळ गोष्टी करीत असत."

दुसरी एक गोष्ट मला त्याहून आवडते. कर्नल साइक्स नांवाचा इंग्रज अधिकारी दख्खनच्या माशांवर लिहूं लागला तेव्हां त्यानें कांठावरच्या लोकांकडून ऐकलेलीं नांवेंच शास्त्रीय नांवांत घातलीं. महाशीर जातीच्या आमच्या माशाला त्यानें १८३९ सालीं 'खुद्री' हें नांव दिलें. तो नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत, म्हणजे भीमेच्याच पाणलोटांत, मिळालेला होता. 'कोळस', 'मुल्या' हीं नांवेंही त्यानेंच रुजविलीं. कुठल्या तरी भोयानें पाण्यांत उभें राहून उच्चारलेला शब्द आज जगांतल्या सर्व ग्रंथालयांत लॅटिनाच्या पंक्तीस बसला आहे.

सूर्य वर येण्यापूर्वींच आम्ही पाण्याशीं पोंचलों. पाणी बरेंच मागें सरलें होतें. भेगाळलेल्या गाळावरून पाव मैल चालत जावें तेव्हां कांठ. नाव लांकडी, अरुंद, मागें लहान यंत्र बसविलेली. नाववाला चाळिशीचा, कृश, अंगांत जुना सदरा. त्यानें पहिल्यांदा आमच्या हातांत नारिंगी रंगाचीं तरंगतीं जाकिटें दिलीं. मी म्हटलें, "मला पोहतां येतें." तो म्हणाला, "काका, त्ये समद्यांलाच येत हुतं." आणि आणखी कांहीं न बोलतां त्यानें माझ्या छातीवरचे पट्टे स्वतः आवळले.

नाव चालूं लागली. पाणी हिरवट होतें. पुतण्यानें हात घालून वास घेतला आणि हात पुसला. पुण्यापिंपरीचें सांडपाणी मुळामुठेच्या वाटेनें शेवटीं येथेंच येतें. पुण्याच्या वाचकांनीं राग मानूं नये. पण सोलापूर शहराच्या घशाखालीं जें उतरतें तें याच तलावांतलें आहे. तरीही सकाळ सुंदर होती. दूरच्या उथळांत रोहितांचा एक मागें राहिलेला थवा गुलाबी रेघेसारखा उभा होता. चित्रबलाक चोंची पाण्यांत उघड्या धरून हळूहळू चालत होते. सुरय पक्षी नावेबरोबर कांहीं अंतर उडत येत आणि मध्येंच सूर मारीत.

"पण काका, येथें प्रवाह कोठें आहे?" पुतण्यानें विचारलें. "नाव वाहत जात नाहीं, तर ही सहल कसली?"

नाववाल्यानें तें ऐकलें. थोडें पुढें जाऊन त्यानें यंत्र बंद केलें. "ही खरी भीमा," तो म्हणाला. "तुमच्या बुडाखाली जुनं पात्र हाय. हितं खोली. डावीकडं गेलं की उथळ, तिकडं आमची रानं." आम्ही पाहिलें तर चोहोंकडे सारखेंच पाणी. त्याला मात्र तें नदी, कांठ, रान, पाणंद असें वेगळें दिसत होतें. वाऱ्याच्या मंद झुळकीबरोबर नाव त्या बुडालेल्या नदीवरून सरकूं लागली, आणि वल्ह्याच्या एका-एका टोंकणीनें तो तिला पात्रावर ठेवूं लागला. पुतण्या माझ्याकडे पाहून हंसला. ऑरिगॉनचा वाटाड्या हेंच करीत असतो.

पुतण्याची काठी विलायती, घडीची. तिच्या गळाला आमच्या घरची कणीक. पहिला तास कांहीं नाहीं. मग लागले ते एकामागून एक चिलापी, तळहाताएवढे. नाववाला त्यांकडे ढुंकूनही पाहीना. चिलापी मूळचा आफ्रिकेंतला. हिंदुस्थानांत तो १९५२ सालीं आणला, आणि उजनींत तो इतका माजला कीं जुने मासे मागें हटले. "माझा आज्जा मरळ आन् वाम धरायचा, नदी होती तवा," तो म्हणाला. "खडशी म्हनून एक मासा हुता म्हनं, म्यां न्हाई बगितला." ती खडशी म्हणजेच साइक्साचा खुद्री. लोणावळ्यानजीक वळवण येथें टाटांच्या वीजकंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत त्या जातीचीं अंडीं कृत्रिम रीतीनें उबवून पिल्लें ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडावयास आरंभ केला, तें काम फार मोठें आहे. पण अंडीं घालावयास त्या माशाला वाहतें, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतें. देहूच्या डोहांत आणि महाडकडे वाळणकोंडींत देवाच्या नांवानें त्याला अभय मिळालें आहे. जेथें देव नाहीं तेथें तो जवळजवळ नाहींच.

"तुमचे आजोबा मासेमारच का?" मीं विचारलें.

"न्हाई. आमी शेतकरी. नदीच्या कडंला धा एकर काळी, हीर. धरनात गेलं. पुनर्वसनात जमीन मिळाली ती लांब, खडकाची. बापानं दोन वर्सं केली न् सोडून दिली. मग भोयांच्या हाताखाली जाळं शिकला." त्यानें वल्हें पाण्यांत उभें बुडवून पाहिलें. "हीर ह्या अंगाला. एका उन्हाळ्यात कठडा उघडा पडला हुता. बाप बसून आला त्याच्यावर दिसभर."

पुतण्याला राहवलें नाहीं. त्यानें क्लॅमथ नदीची गोष्ट सांगितली. ऑरिगॉन आणि कॅलिफोर्निया यांच्या सरहद्दीवरचीं चार धरणें २०२३-२४ सालीं पाडून टाकलीं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत, जेथें १९१२ पासून सामन गेला नव्हता अशा वरच्या पाण्यांत तो पुन्हां दिसला. शंभरांहून अधिक वर्षें ज्यांच्या पूर्वजांची वाट बंद होती त्या माशांनीं वाट काढली.

नाववाला बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "म्हंजे मोडत्यात व्हय धरनं?"

"कांहीं कांहीं."

"मग आमचं रान वर यील." आणि लगेच, कांठावरच्या उंसाकडे हनुवटीनें दाखवून, "पर ह्ये काय पितील?"

त्या प्रश्नांत मीही होतों. माढा तालुक्यांतला ऊंस, डाळिंबें, केळीं, आमच्या स्वतःच्या पांच एकरांतलें हिरवें, हें सारें याच पाण्याचें. पाहुण्याला आज मीं जें मिरवीत आणलें होतें तें याच माणसाच्या विहिरीवर उभें होतें. मला कांहीं बोलतां आलें नाहीं. मीं दशम्यांचा डबा उघडला. त्यानें दोन दशम्या घेतल्या, चटणी मागून घेतली, आणि आपल्याजवळचा कांदा बुक्कीनें फोडून अर्धा मला दिला.

अकराच्या सुमारास मोठा मासा लागला. काठी वांकली, दोरी करकरली, आणि पुतण्याचा चेहरा मुंजींतल्या बटूसारखा झाला. दहा मिनिटांनीं वर आला तो रोहू, अडीच-तीन किलोंचा, तांबूस खवल्यांचा. पुतण्यानें हात ओले करून त्याला अलगद धरलें, गळ सोडविला, आणि संवयीनें तो पाण्यावर वांकला.

"सायेब!" नाववाला जवळजवळ ओरडला. "सोडताय काय?"

"हो. आम्ही सोडतों."

"मग धरला कशाला?"

तोच प्रश्न, आणि अगदीं उलट्या बाजूनें आलेला. पुतण्या मासा हातांत घेऊन तसाच बसला. मासा तोंड उघडीत-मिटीत होता. जन्मभर ज्याच्या ताटांत मासा आला नाहीं असा मी, मला त्या क्षणीं काय वाटावें हें ठरवितां येईना. एकीकडे तो जीव. एकीकडे दोन दिवस जाळ्यांत चिलापीखेरीज कांहीं न मिळालेला हा माणूस. शेवटीं मीं म्हटलें, "पाणी यांचें आहे. यांना दे." पुतण्यानें तो नाववाल्याच्या हातीं दिला. त्यानें तो ओल्या गोणपाटाखालीं ठेवला. मीं दुसरीकडे पाहत होतों.

त्यानंतर पुतण्याला वर कुगावच्या बाजूस जावयाचें होतें. तिकडे पाणी उतरलें म्हणजे इनामदारांचा बुडालेला वाडा दिसतो, असें त्यानें वाचलें होतें. वाटेल तितके पैसे देण्यास तो तयार होता, आणि खरें सांगावयाचें तर मीही त्याच्या बाजूचा होतों. आकाश निरभ्र होतें. नाववाल्यानें मात्र पश्चिमेकडे पाहिलें. क्षितिजावर धुळीची एक तपकिरी रेघ होती, एवढेंच.

"न्हाई जायाचं."

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

"त्यांचाबी अर्ध्या तासाचाच हुता." आणि त्यानें नाव वळविली.

२१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं कुगाव आणि इंदापूर तालुक्यांतलें कळाशी यांच्यामधल्या पाण्यांत प्रवासी नाव वादळी वाऱ्यानें उलटली. सहा जण बुडाले. एक जण पोहून कांठास लागला. सडकेनें मोठा वळसा पडतो म्हणून या कांठचीं माणसें त्या कांठास नावेनेंच जात आलीं आहेत. हें मला वाचून ठाऊक होतें. पण सकाळीं मीं जेव्हां 'मला पोहतां येतें' म्हटलें, तेव्हां तें आठवलें नव्हतें.

वीस मिनिटांत वारा आला. असा कीं, ज्या पाण्यावर सकाळीं आमची सांवली हलत नव्हती तें हातभर लाटांनीं उसळूं लागलें. उथळ, लांबरुंद पाण्यावर लाट लवकर चढते, हें पुस्तकांतलें ज्ञान; पण ती नावेच्या कडेवरून मांडीवर येते तेव्हां त्या ज्ञानाचा उपयोग होत नाहीं. नाववाल्यानें नाकाड लाटेस समोर धरलें, कांठ डावीकडे दिसत असतांही तिकडे वळला नाहीं. आडव्या लाटेंत नाव पालथी होते. आम्हांस त्यानें तळाशीं बसविलें. पुतण्या डब्यानें पाणी उपसत होता. मी विठ्ठलाचें नांव घेत होतों कीं नाहीं हें मला आठवत नाहीं. दोन्ही हातांनीं फळी धरली होती एवढें खरें. कांठास लागलों तेव्हां एक वाजला होता, आणि दीड वाजतां वारा पडून पुन्हां ऊन पडलें.

त्यानें ठरल्याहून एक पैसा अधिक घेतला नाहीं. पुतण्यानें आपली घडीची काठी त्याला देऊं केली. ती त्यानें वांकवून पाहिली, वाखाणली, आणि परत दिली. "ह्यानं घर चालत न्हाई," तो म्हणाला.

संध्याकाळीं घरीं आलों. काकूनें विचारलें, "कणीक पुरली का माशांना?" पुतण्या म्हणाला, "पुरली." आई माजघरांत वाती वळीत बसली होती. तिच्यापाशीं जाऊन त्यानें मात्र सारें सांगितलें. गळ, रोहू, गोणपाट, सारें. मीं दारांतून खुणावीत होतों, पण तो थांबला नाहीं.

आईनें ऐकून घेतलें. वात तशीच हातांत राहिली.

"त्याच्या घरीं माणसं किती?" तिनें विचारलें.

"सात म्हणाला."

"मग एवढा पुरला का रे?"